नवी डिस्क घेताना

आमच्या घरात एकच लॅपटॉप आहे आणि तो दोन शाळांचा आहे. आम्ही दोघेही उर्दू माध्यमाचे शिक्षक. एकाची शाळा बारामतीत, दुसऱ्याची इंदापुरात. बिऱ्हाड बारामतीला. लॅपटॉप कधी या शाळेत जातो, कधी त्या. तो घेतला २०१२ साली, आमच्यापैकी एकाचे बी.एड. संपत आले होते तेव्हा. त्या वर्षी हार्ड डिस्कचे भाव चढलेले होते. आदल्या वर्षी थायलंडमध्ये महापूर आला आणि डिस्क बनवणारे मोठे कारखाने पाण्याखाली गेले, असे दुकानदाराने सांगितले तेव्हा आम्हांला नवल वाटले होते. कुठला पूर आणि कुठे बारामती! पण ते खरे होते. जगातल्या हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आज तीनच उरल्या आहेत, सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. इतक्या कमी हातांनी एखादी वस्तू बनत असेल, तर दूरच्या पुराचे पाणी आपल्या उंबऱ्यापर्यंत येणारच.

आता हा लॅपटॉप म्हातारा झाला आहे. गेल्या वर्षभरात तो सुरू व्हायला इतका वेळ घेऊ लागला की बटण दाबून चहा ठेवावा आणि पिऊन झाल्यावर यावे. मग डिस्कमधून अधूनमधून टक् टक् असा आवाज येऊ लागला. एखादी फाइल उघडता उघडता मध्येच अडकायची. एक जुना विद्यार्थी डिप्लोमा करून दुरुस्तीच्या दुकानात बसतो. त्याने डिस्कची आतली नोंद पाहिली. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. खराब झालेले कप्पे किती आणि त्यांच्या जागी राखीव कप्पे किती वापरले गेले, हे त्यात दिसते. आकडा वाढत चालला होता. तो म्हणाला, “सर, बॅड सेक्टर पडायला लागलेत. ही आज जाईल की वर्षाने, सांगता येत नाही. मॅडमना सांगा, डब्बा नवीनच घ्या.”

नवा घ्या, हा सल्ला सगळेच देतात. आम्हीही विचार केला. पण लॅपटॉपचा पडदा चांगला आहे, कळफलक चांगला आहे, आणि त्याच्या पोटात जे आहे ते नव्या यंत्रात आपोआप येत नाही. बिघडला आहे तो एकच भाग, आणि तो नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास मिळतो. घराचे एक कौल फुटले म्हणून कोणी घर पाडत नाही. म्हणून डिस्क बदलायची, असे ठरले. पण कोणती? या एका प्रश्नाने आमचे दोन रविवार घेतले. त्या दोन रविवारी जे कळले ते इथे मांडावे, असे वाटते, कारण आपल्या शाळांतून आणि घरांतून असे कितीतरी म्हातारे लॅपटॉप आहेत.

डिस्क किती मोठी घ्यायची, यापासून आम्ही सुरुवात केली. दुकानात गेले की पहिला प्रश्न हाच येतो. पण त्याचे उत्तर दुकानात नसते, आपल्या घरात असते. आमच्या डिस्कवर ५०० जीबी असे छापलेले होते. विंडोज ती ४६५ दाखवते. कंपनी एक हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच तो फरक आहे. फसवणूक नव्हे. त्या ४६५ पैकी सुमारे ३०० भरलेले होते. आम्ही वही घेऊन बसलो आणि एकेक फोल्डर उघडून लिहीत गेलो. सिनेमे, लग्नांचे व्हिडिओ, मोबाइलमधून उतरवलेले तेच तेच फोटो, कधीच न उघडलेली सॉफ्टवेअर. शेवटी ज्यांच्यावाचून आमचे अडेल, किंवा जे दुसरीकडे कुठेच मिळणार नाही, अशा गोष्टींखाली रेघ मारली. बेरीज आली ४२ जीबी.

या ४२ मध्ये काय होते? पहिले, प्रश्नपत्रिका आणि पाठांची टिपणे, तेरा वर्षांची. दुसरे, मुलांचे कागद. शिष्यवृत्तीसाठी पालक उत्पन्नाचा दाखला, आधार, बँकेचे पासबुक घेऊन यायचे, आम्ही स्कॅन करून अर्ज भरून द्यायचो. केंद्राची अल्पसंख्याक प्रीमॅट्रिक शिष्यवृत्ती पहिली ते आठवीच्या मुलांसाठी २०२२ साली बंद झाली. अर्ज थांबले, पण कागद डिस्कवर राहिले. तिसरे, आवाज. २०१९ साली आम्ही दोन्ही शाळांच्या मुलांना एक काम दिले होते. घरातल्या दादी, नानी, खाला यांना जी गाणी येतात ती मोबाइलवर रेकॉर्ड करून आणा. हळदीची, मेहंदीची, पाळण्याची, दळणाची. भाषा आपल्या घरातली, म्हणजे अर्धी दखनी आणि अर्धी मराठी. १३७ रेकॉर्डिंग जमली. त्यानंतर करोना आला. गाणाऱ्यांपैकी चार बायका आता नाहीत.

दळणाच्या गाण्यांविषयी थोडे सांगायला हवे. दखनी भाषेत चक्कीनामा नावाचा जुना प्रकार आहे. विजापूरकडच्या सूफींनी रचलेली ही गाणी बायका जाते ओढताना म्हणत. इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी त्यांवर १९७४ साली लेख लिहिला, तेव्हा इंग्रजी वाचणाऱ्या जगाला त्यांची ओळख झाली. आपल्याकडची जात्यावरची ओवी आणि हा चक्कीनामा एकाच दगडाभोवती फिरले आहेत. आमच्या १३७ रेकॉर्डिंगमध्ये असा अस्सल चक्कीनामा सापडला, असा दावा आम्ही करत नाही. पण एका दादीने गाताना अल्लाचे नाव आणि विठ्ठलाचे नाव एकाच दमात घेतले आहे, आणि पुढे हसून म्हटले आहे की आमच्या सासूबाई असेच म्हणायच्या. ती फाइल फक्त ६ एमबीची आहे. डिस्क बदलताना आमच्या डोक्यात खरी काळजी होती ती या ६ एमबीची.

आता जातींकडे वळू. दुकानात तीन वस्तू समोर आल्या.

एक, पूर्वीसारखीच फिरती हार्ड डिस्क, पण १ टीबीची. दोन, अडीच इंची एसएसडी, म्हणजे जिच्यात काहीच फिरत नाही, सगळे चिपमध्ये असते. तीन, च्युइंगमच्या पट्टीसारखी दिसणारी, खूप वेगवान असलेली एनव्हीएमई. तिसरीचा निकाल लगेच लागला. आमच्या लॅपटॉपमध्ये तिच्यासाठी खाचच नाही. २०१२च्या सुमाराच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये अडीच इंची सॅटा डिस्कचा कप्पा असतो, त्याच आकाराची वस्तू घ्यावी लागते. त्याहून जुन्या, २००५च्या आधीच्या लॅपटॉपमध्ये तर पिनांची रांग असलेली आयडीई जोडणी असते. त्यात सॅटाही बसत नाही. म्हणून घरून निघण्यापूर्वी लॅपटॉपच्या पोटाखालचे झाकण उघडून डिस्कचा फोटो काढून न्यावा. जाडीही पाहावी. जुन्या डिस्क साडेनऊ मिलिमीटर जाड असत, नव्या सात मिलिमीटर आहेत. पातळ वस्तू जाड कप्प्यात बसते, पण हलू नये म्हणून प्लास्टिकची चौकट लावावी लागते. ती बहुधा डब्यातच येते, नसली तर मागून घ्यावी.

उरल्या दोन. त्यांच्यातला फरक समजायला हार्ड डिस्क कशी चालते ते पाहावे. आत चकत्या फिरतात आणि एक दांडी त्यांवर पुढेमागे होऊन वाचते. आमची डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात. दांडी योग्य जागी जायला आणि हवा तो भाग तिच्याखाली यायला मिळून दहा-वीस मिलिसेकंद जातात. हे फार कमी वाटते. पण लॅपटॉप सुरू होताना अशा हजारो लहान फाइली इथून तिथून वाचाव्या लागतात, आणि प्रत्येकीसाठी दांडी धावते. एसएसडीत धावणारे कोणी नाही. तिथे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात होते. म्हणून जुन्या लॅपटॉपला एसएसडी लावली की तो तरुण झाल्यासारखा वाटतो. डब्यावर सेकंदाला ५५० एमबी असे लिहिलेले असते, त्याला मात्र भुलू नये. आमच्या यंत्राची सॅटा जोडणी दुसऱ्या पिढीची आहे, ती सेकंदाला ३०० एमबीच्या वर जातच नाही. महागडी एसएसडी घेऊनही ती मर्यादा तशीच राहिली असती. म्हणून वेगाचे पैसे न देता आम्ही हमीचे पैसे दिले.

आमच्यासाठी वेगापेक्षा रस्ता मोठा होता. बारामतीहून इंदापूर ५० किलोमीटरच्या आसपास. भवानीनगर, सणसर, लासुर्णे, अंथुर्णे, शेळगाव, निमगाव केतकी असा हा रस्ता. तुकोबांची पालखीही याच बाजूने पंढरपूरला जाते. एसटीच्या मागच्या बाकावर मांडीवर लॅपटॉप घेऊन हा प्रवास केलेल्यांना धक्के म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. फिरत्या चकतीच्या केसभर वर तरंगणाऱ्या दांडीला तो धक्का लागला तर काय होईल, याची कल्पना करा. एसएसडीला धक्क्याची अशी भीती नाही. शिवाय आमची बॅटरी जेमतेम वीस मिनिटे टिकते, आणि एसएसडी वीजही कमी खाते.

मग एसएसडी सर्वगुणसंपन्न आहे का? नाही. तिच्या चिपवर ठरावीक वेळाच लिहिता येते. कंपन्या हे टेराबाइटमध्ये सांगतात. समजा १५० टेराबाइट लिहिण्याची हमी आहे. आम्ही रोज १० जीबी लिहिले, आणि तेवढे आम्ही लिहीत नाही, तरी वर्षाला साडेतीन टेराबाइटच्या थोडे वर होते. भागाकार करा, चाळीस वर्षे येतात. म्हणजे घरच्या वापरात ही भीती नाही. खरी अडचण दुसरीच आहे. हार्ड डिस्क बहुधा कुरकुरून जाते. आवाज करते, अडकते, सूचना देते. एसएसडी पुष्कळदा काही न बोलता जाते. सकाळी चालू होती, दुपारी नाही. आणि गेल्यावर आतले काढणे फार कठीण. आणखी एक. खूप वापरून झिजलेली एसएसडी वीज न देता कपाटात ठेवून दिली, तर तिच्यातली अक्षरे हळूहळू विरू शकतात. उद्योगाच्या मानकात अशा झिजलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंश तापमानात निदान एक वर्ष मजकूर धरून ठेवावा, एवढीच अपेक्षा आहे. इंदापूरचा उन्हाळा ३० अंशांवर थांबत नाही. म्हणजे रोजच्या कामाला एसएसडी उत्तम, पण कपाटात वर्षानुवर्षे ठेवायची प्रत फिरत्या डिस्कवर बरी.

आमचा निर्णय असा झाला. लॅपटॉपमध्ये ५१२ जीबीची साधी सॅटा एसएसडी आणि बाहेरून जोडायच्या दोन हार्ड डिस्क. दुकानात ४८० जीबीची एसएसडी स्वस्त मिळत होती. पण जुनी डिस्क ५०० ची, तिची जशीच्या तशी नक्कल ४८० मध्ये मावत नाही, आधी विभाग लहान करावे लागतात. आजारी डिस्कवर असले उद्योग करणे धोक्याचे. थोडे जास्त देऊन ५१२ घेतली. बिल घेतले, बॉक्सवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासला. नकली माल बाजारात पुष्कळ आहे. अगदी थोड्या पैशांत २ टीबी देतो म्हणणारी वस्तू पूर्ण भरून परत वाचून पाहिल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवू नये.

आता प्रश्न येतो की नवी डिस्क घालून विंडोज नव्याने का मारले नाही. त्याचे कारण आपली जबान. आमच्या प्रश्नपत्रिका इनपेजमध्ये आहेत. उर्दूची नस्तालिक लिपी शब्दागणिक तिरकी उतरत जाते, तिला साच्यात बसवणे सोपे नव्हते. मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीच्या साहाय्याने हजारो जोडरूपे संगणकात आणली आणि १९८१ साली नूरी नस्तालिक अवतरले. तोवर उर्दू वर्तमानपत्रे कातिब हाताने लिहीत. पुढे १९९४ साली दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअरने इनपेज आणले आणि ते लहान गावांतल्या छापखान्यांपर्यंत पोहोचले. पण जुन्या इनपेजची अक्षरे युनिकोडमध्ये नाहीत. ती फाइल दुसऱ्या कशातही उघडली तर कचरा दिसतो. मराठीचेही तेच. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले आपले कितीतरी लेख आज उघडले तर अगम्य चिन्हांची रांग येते. म्हणून चालते यंत्र जसेच्या तसे नव्या डिस्कवर उचलणे आम्हांला भाग होते. यालाच दुकानात क्लोन मारणे म्हणतात.

त्या विद्यार्थ्याने आधी ४२ जीबी वेगळे उतरवून घेतले, त्यातही आवाजाच्या फाइली सर्वांत आधी. मग डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्रॅम लावला. त्याची रीत आम्हां शिक्षकांना फार आवडली. तो आधी डिस्कचा निरोगी भाग भराभर उतरवतो, अडणारी जागा आली की खूण करून पुढे जातो, आणि शेवटी त्या अवघड जागांकडे परततो. परीक्षेत सोपे प्रश्न आधी सोडवा, हे आम्ही मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. रात्रभर काम चालले. सकाळी काही सिनेमे आणि दोन लग्ने गेली होती. गाणी सगळी होती.

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि विंडोज ११ आमच्या यंत्राला चालत नाही. म्हणून हा लॅपटॉप आता इंटरनेटला जोडत नाही. तो लिहिण्याचे, छापण्याचे आणि जुने उघडण्याचे यंत्र झाला आहे. दर आठवड्याला पाच-पाच प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये आणायचे काम सुरू आहे. डिस्क नवी झाली तरी लिपी जुनी राहिली, तर दहा वर्षांनी पेटी सापडेल आणि किल्ली सापडणार नाही.

हे सारे आपल्या छोट्या संसारापुरते आहे, असे कोणाला वाटेल. पण आमच्याच रस्त्यावरचे एक उदाहरण आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या पुष्कळ ओव्या डिजिटल टेपवर ध्वनिमुद्रित केल्या. गी पॉइटवाँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. त्या टेपची यंत्रे बनवणे सोनी कंपनीने २००५ साली थांबवले. तरी ओव्या राहिल्या, कारण कोणीतरी त्या वेळीच पुढच्या पात्रात ओतल्या. २०१७ पासून ‘परी’ या संकेतस्थळाने त्या लोकांसमोर ठेवायला सुरुवात केली. इंदापूर तालुक्यातल्या निमगाव केतकीच्या बायकांच्या ओव्याही त्यात आहेत. एसटी निमगावला थांबते तेव्हा आम्हांला हे हटकून आठवते. ज्या वस्तूवर आपण साठवतो ती टिकत नाही, टिकते ते एकीवरून दुसरीवर नेण्याचे काम.

म्हणून दोन बाहेरच्या डिस्क. एक बारामतीच्या घरात, दुसरी इंदापूरला शाळेच्या लोखंडी कपाटात. दोन्ही एकाच खोलीत ठेवल्या तर एकच चोरी, एकच आग, एकच वीज पुरे. शाळेतल्या डिस्कवर मुलांचे आधार आणि पासबुके मात्र नाहीत. ज्या कागदांचे काम संपले ते आम्ही पुसले. पालकांनी ते आमच्या हाती अर्जापुरते दिले होते, कायमचे नव्हे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, पण अमानत म्हणजे काय हे आपल्याला त्याच्या आधीपासून ठाऊक आहे.

जुन्या डिस्कचे काय करायचे, यावर घरात थोडी चर्चा झाली. भंगारवाला घ्यायला तयार होता. पण डिलीट केल्याने फाइल जात नाही, फक्त यादीतून तिचे नाव जाते. जाणकार माणूस ती परत काढू शकतो. त्या डिस्कवर कितीतरी मुलांचे पत्ते होते. मग पेचकस घेऊन झाकण उघडले आणि आतल्या आरशासारख्या चकत्यांवर खिळ्याने ओरखडे काढले. मुलांनी त्या पाहून विचारले, “आपा, गाणी यातच होती?” उरलेला सांगाडा ई-कचरा घेणाऱ्यांकडे दिला.

वर्षातून दोनदा, शाळा सुरू होताना आणि दिवाळीच्या सुट्टीआधी, दोन्ही डिस्क जोडून फाइली प्रत्यक्ष उघडून पाहायच्या, असे ठरले आहे. नुसती डिस्क असणे पुरेसे नाही, ती उघडते हे पाहावे लागते. येत्या खेपेला इंदापूरची डिस्क आहे. अल्ला आणि विठ्ठल एका दमात म्हणणाऱ्या त्या दादींच्या दोन नाती त्या दिवशी शाळेत येणार आहेत. धाकटी करोनानंतर जन्मलेली. तिने दादीचा आवाज अजून ऐकलेला नाही.